अंगणातलं पाणी कुठं जातं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



कमिटीने मला सांगितलं, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद. पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा. वीस मिनिटं बोला." आठवणी पुष्कळ आहेत. १९९८ साली सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा समोरचा रस्तासुद्धा झालेला नव्हता. पहिल्या गणपतीला मूर्ती आणायला हातगाडी केली होती, ती चिखलात रुतली आणि बाप्पा अर्धा तास वाटेतच थांबले. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे आणि आधीच्या वक्त्यांनी ती माझ्यापेक्षा रंगवून सांगितली. म्हणून मी आज एकाच आठवणीवर बोलणार आहे. ती माझ्याच चुकीची आहे. चूक सांगायला समारंभाचा दिवस कशाला, असं कोणी म्हणेल. पण आज जेवढी माणसं समोर बसली आहेत तेवढी सर्वसाधारण सभेला कधीच येत नाहीत. कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबून त्याच जागी पुन्हा सभा भरवण्याची आपली पंचवीस वर्षांची परंपरा आहे. तेव्हा ही संधी मी सोडणार नाही.

तर विषय असा की, आपल्या अंगणातलं पावसाचं पाणी कुठं जातं?

हा प्रश्न मला माझ्या नातीने विचारला. मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत सिव्हिल इंजिनीअर होतो, त्यातली बरीचशी पाणी आणि गटारं याच कामात गेली. निवृत्तीनंतर २०१७ साली आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत गेलो. ती मेरीलँड राज्यात जर्मनटाऊन नावाच्या गावात राहते. वॉशिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर. नात तेव्हा तिसरीत होती. शाळेत त्यांना घराच्या पावसाच्या पाण्याचा नकाशा काढायला सांगितला होता. म्हणजे छपरावरून पाणी कुठं पडतं, तिथून कुठल्या नाल्यात, कुठल्या नदीत आणि शेवटी कुठल्या समुद्रात. तिने तिचा नकाशा काढला. घर, रस्त्याची जाळी, सेनेका क्रीक नावाचा ओढा, पोटोमॅक नदी, चेसापीक बे नावाची खाडी. मग मला म्हणाली, "आबा, आता आपल्या पुण्याच्या घराचा सांग."

मी पेन्सिल हातात घेतली. आपलं अंगण काढलं. अंगणाच्या कोपऱ्यातली जाळी काढली. जाळीतून निघणारा नऊ इंची पाइप काढला. तो मागच्या भिंतीखालून नाल्यात सोडला आहे. नाला मुठेत. मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेला. भीमेवर उजनी धरण. आणि उजनीच्या खाली तीच भीमा चंद्रभागा होऊन पंढरपूरला विठोबाच्या पायाशी जाते.

तिथं माझी पेन्सिल थांबली. कारण माझं आजोळ पंढरपूरचं. माझी आई आषाढीला गेली की चंद्रभागेचं पाणी तांब्याच्या गडूत भरून आणायची आणि आम्हा भावंडांच्या तळहातावर एकेक पळी द्यायची. आणि अंगणातून नाल्यात जाणारा तो नऊ इंची पाइप मी स्वतः टाकून घेतलेला आहे. २००७ साली. तेव्हा मी सेक्रेटरी होतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, त्याआधी अंगणात माती होती. पावसाळ्यात चिखल व्हायचा, सी विंगमधल्या एक आजी घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्यानंतरच्या सभेत मी ठराव मांडला की सगळ्या अंगणाला कोबा करायचा, मागच्या भिंतीकडे उतार द्यायचा आणि पाणी थेट नाल्यात सोडायचं. एकमताने मंजूर झाला. काम चांगलं झालं होतं, हेही सांगतो. आज सोळा वर्षं झाली, कुठं भेग नाही. पहिल्या पावसात दहा मिनिटांत अंगण कोरडं झालं तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती. पाणी डोळ्यांआड झालं आणि ते कुठं गेलं हे कोणी विचारलं नाही. ज्याचा तो व्यवसाय होता त्या मीसुद्धा नाही.

आता एक साधा हिशोब सांगतो, मुलांनी लक्ष द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपला कोबा आहे साधारण १२०० चौरस मीटर. एक जोरदार सर येऊन गेली, समजा २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर, तर ३०,००० लिटर झाले. आपण विकत घेतो ते मोठे टँकर १०,००० लिटरचे असतात. म्हणजे एका सरीला तीन टँकर. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर ८४ टँकर होतात. थोडं पाणी सुकतं, थोडं मुरतं, ते सोडलं तरी सत्तर-पंच्याहत्तर टँकर पाणी आपण दर पावसाळ्यात त्या पाइपातून घालवतो आणि एप्रिल-मेमध्ये पैसे मोजून टँकर मागवतो.

हा झाला पाण्याच्या प्रमाणाचा हिशोब. पण पाणी एकटं जात नाही. आठ महिने कोब्यावर जे काही पडतं ते सगळं पहिल्या दोन-तीन सरी धुऊन नेतात. गाड्यांखाली गळलेलं ऑइल, टायरची झिजलेली पूड, ब्रेकच्या लायनरमधलं तांबं, कबुतरांची घाण, फिरायला नेलेल्या कुत्र्यांची घाण, गाड्या धुतलेला साबण, कुंड्यांना मारलेलं औषध. गेल्या दिवाळीआधी कोणीतरी रंगाच्या उरलेल्या डब्यातला थर त्या जाळीत ओतला होता. कोणी ते मी विचारत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर शहरातल्या ओढ्यांमध्ये पाऊस पडला की कोहो नावाचे सॅमन मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे. शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं शोध घेतला आणि २०२० साली कारण सापडलं. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात जे रसायन घालतात त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन एक विषारी पदार्थ तयार होतो. रस्ता धुऊन येणाऱ्या पाण्याबरोबर तो ओढ्यात उतरतो. कारखाना नाही, मैलापाणी नाही. नुसता रस्ता आणि पाऊस.

आमच्या खात्याच्या भाषेत या वाहून जाणाऱ्या पाण्याला 'अपधाव' म्हणतात. त्याच्या प्रदूषणाची मोठी अडचण अशी की त्याला मालक नसतो. कारखान्याच्या सांडपाण्याला पाइप असतो, पाइपावर नाव असतं, नोटीस कोणाला काढायची ते ठाऊक असतं. अपधाव सगळ्यांच्या अंगणातून येतो, म्हणजे कोणाच्याच नावावर नसतो.

कायद्यांचंही तसंच झालं. १९६९च्या जूनमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात कायहोगा नावाच्या नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. अमेरिकेचा मोठा कायदा १९७२चा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो अडवला होता, पण संसदेने त्यांचा नकार बाजूला सारून तो केला. या सगळ्या कायद्यांचा पहिला रोख पाइपांवर होता. कारखाने आणि मैलापाणी. तिकडे पंधरा वर्षांत पुष्कळ पाइप आटोक्यात आले, तरी नद्या हव्या तशा सुधारेनात. तेव्हा लक्षात आलं की उरलेली घाण शेतांतून, रस्त्यांवरून आणि अंगणांतून येते आहे.

म्हणून १९८७ साली त्या कायद्यात एक नवं कलम घातलं, कलम ३१९. मालक नसलेल्या या प्रदूषणासाठी केंद्र सरकारने राज्यांना अनुदान द्यायचं आणि राज्यांनी ते गावांना, शेतकऱ्यांच्या संस्थांना, नदीकाठच्या मंडळांना वाटायचं. नोटीस नाही, दंड नाही, नुसतं अनुदान. कारण लाखो अंगणांना नोटीस काढणार कशी? मला या कलमात रस वाटला तो त्याच्या अटींमुळे. सांगतो.

पहिली अट, केंद्र जास्तीत जास्त ६० टक्के देणार. उरलेले ४० टक्के स्थानिकांनी उभे करायचे. पण ते रोखच हवेत असं नाही. लोकांनी श्रमदान केलं, कोणी झाडं दिली, कोणी जेसीबी दिला, तर त्याचीही किंमत धरतात. दुसरी अट, पैसे मिळतात ते आराखड्याला. त्या ओढ्याचं पाणलोट केवढं, घाण कुठून किती येते, कोणत्या उपायाने किती कमी होईल, खर्च किती, वेळापत्रक काय, आणि काम झाल्यावर पाणी खरंच सुधारलं की नाही हे कसं मोजणार. अशा नऊ गोष्टी त्या आराखड्यात लागतात. नववी मोजमापाची. मी नोकरीत असताना आमच्याही कामांचे आराखडे व्हायचे. काम पूर्ण झाल्याचा दाखला व्हायचा, फोटो व्हायचा, कोनशिला व्हायची. पाणी मोजायला कोणी परत जात नसे.

म्हणजे तिकडे सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. २०१२ साली त्यांच्या संसदेच्या लेखापरीक्षण खात्याने या योजनेची झडती घेतली तेव्हा निघालं की काही प्रकल्प ठरवलेली सगळी उद्दिष्टं गाठू शकले नव्हते. एक मोठं कारण, जमीनमालकांनी ऐनवेळी सहकार्य केलं नाही. अनुदान मंजूर, आराखडा तयार, आणि शेजारी म्हणतो माझ्या बांधावर खड्डा नको! हे वाचून मला आपली सर्वसाधारण सभाच आठवली.

मुलीच्या जिल्ह्यात, मंट्गोमरी काउंटीत, याचं एक छोटं रूप मी डोळ्यांनी पाहिलं. तिथं मिळकतकराच्या बिलात एक आकार असतो. तुमच्या घराचं छप्पर, गाड्यांचा रस्ता, कोबा, म्हणजे जिथून पाणी मुरत नाही अशी जागा किती, त्यावर तो ठरतो. २०१२ साली मेरीलँड राज्याने मोठ्या काउंटींना असा आकार लावणं सक्तीचं केलं, तेव्हा विरोधकांनी "हे तर पावसावर कर लावायला निघाले" म्हणून खूप टिंगल केली. २०१५ साली राज्याने सक्ती काढली. पण मंट्गोमरीने तो आकार आधीपासूनच लावला होता, तो त्यांनी चालू ठेवला.

आणि त्यातून लोकांना परतावा मिळतो. तुम्ही अंगणात पर्जन्यबाग केलीत, कोबा काढून पाणी मुरणारी फरशी घातलीत, पागोळ्यांखाली टाकी ठेवलीत, तर खर्चाचा काही भाग काउंटी देते. पण कसा? आधी अर्ज. मग माणूस येऊन जागा बघतो. मंजुरीआधी कुदळ मारलीत तर पैसे नाहीत. मग काम तुम्ही तुमच्या पैशाने करायचं. पुन्हा माणूस येतो, बघतो, आणि मगच परतावा. माझ्या मुलीने पर्जन्यबाग केली. नाव मोठं, पण वस्तू साधी. अंगणात सहा इंच खोल, पसरट खळगा. त्यात पाणी धरणारी आणि उन्हाळाही सोसणारी झाडं. छपराचं पाणी पन्हळीतून त्यात येतं, दिवसभरात मुरतं, घाण मातीत अडकते. जावई आणि मी दोन शनिवार खणत होतो. नातीने घमेली उचलली आणि दर फेरीला हिशोब लिहिला.

आता मूळ चुकीकडे येतो. आतापर्यंत सांगितली ती अर्धी होती.

आपल्यालाही अनुदान मिळतं. चकित होऊ नका. पुणे महापालिका पर्जन्यजल संचय, सौर ऊर्जा, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १० टक्के. हे सरकारने सोडून दिलेले पैसे, म्हणजे अनुदानच. २००९ साली मी सेक्रेटरी असतानाच आपण बी विंगच्या मागे पुनर्भरणाचा खड्डा केला. गच्चीचं पाणी पाइपाने त्यात आणलं, खडी-वाळूची गाळणी केली आणि ते बोअरकडे वळवलं. अर्ज केला, पाहणी झाली, सवलत सुरू झाली. तेव्हापासून प्रत्येक फ्लॅटच्या बिलात दरवर्षी काही शे रुपये वाचतात.

गेल्या महिन्यात मी वॉचमनला घेऊन त्या खड्ड्याचं झाकण उघडलं. उघडायला पहार लागली. आत वरपर्यंत पानं, गाळ, एक क्रिकेटचा चेंडू आणि पिंपळाचं हातभर रोप. गच्चीवरून येणारा पाइप गेल्या वेळच्या रंगकामात कोणीतरी काढून सरळ अंगणात सोडला आहे. म्हणजे खड्डा कोरडा, पाणी नाल्यात आणि सवलत खिशात. हे किती वर्षं चाललंय हे कोणाला सांगता येत नाही, कारण ऑफिसच्या फायलीत खड्डा बांधल्याचं बिल आहे, साफ केल्याचं एकही नाही.

मी कोणत्याही कमिटीला दोष देत नाही. बांधला मी, देखभालीची तरतूद करायला विसरलो तोही मीच. पण हे कळल्यानंतर गप्प बसलो तर ती चूक राहत नाही, लबाडी होते.

आणि हे आपल्या एकट्याचं नाही, म्हणून ते लहानही ठरत नाही. १९८६ साली गंगा कृती योजना सुरू झाली. काठावरच्या शहरांत केंद्राच्या पैशाने मैलापाणी शुद्ध करणारे प्रकल्प बांधले गेले. ते चालवण्याचा खर्च राज्यांनी आणि पालिकांनी करायचा होता. अनेक ठिकाणी वीज नसायची, बिलाला पैसे नसायचे, पंप बंद. यंत्रं उभी आणि मैला गंगेत. अनुदान बांधायला मिळतं, राखायला मिळत नाही. माझ्या सगळ्या नोकरीचं सार विचाराल तर या एका वाक्यात आहे. त्या वाक्याचा एक नमुना बी विंगच्या मागे झाकणाखाली आहे.

आता पुढच्या महिन्यातल्या सभेबद्दल. विषयपत्रिकेत क्रमांक सहावर मागच्या भिंतीलगतचा मातीचा पट्टा आहे. साधारण ३०० चौरस मीटर, दोन कडुलिंब, एक बहावा. तिथं काँक्रीट करून अकरा गाड्यांची सोय करायची, असं कोटेशन आलेलं आहे. पार्किंगची अडचण मला माहीत आहे. रात्री साडेनऊनंतर आलेल्या माणसाला गाडी रस्त्यावर लावावी लागते, सकाळी आरसा तुटलेला सापडतो. ज्यांना जागा नाही त्यांचा राग खरा आहे आणि जागा असलेल्या मी त्यांना उपदेश करणं बरं दिसत नाही, हेही कळतं. तरीही सांगतो. आपल्या आवारात पाणी मुरणारी तेवढीच जागा उरली आहे. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याला पूर येऊन पुण्यात वीसहून अधिक माणसं गेली, सोसायट्यांच्या भिंती पडल्या. आपला ओढा वेगळा, पण त्या रात्री आपल्या नाल्याचंही पाणी मागच्या भिंतीला अडीच फूट चढलं होतं. नाल्याला पाणी आलं कुठून? वरच्या सगळ्या सोसायट्यांनी माझ्यासारखे हुशार सेक्रेटरी नेमले होते. आपली बोअर पूर्वी मेपर्यंत चालायची, आता मार्चमध्ये आटते. एकट्या आपल्या कोब्याने ती आटली असं मी म्हणणार नाही. आजूबाजूला प्रत्येकाने तेच केलं, त्याचा हा जमाखर्च आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, त्या पट्ट्यातल्या २०० चौरस मीटरची सहा इंच खोल पर्जन्यबाग करू. हिशोब सांगतो, २०० चौरस मीटर गुणिले सहा इंच, म्हणजे ३० घनमीटर, म्हणजे ३०,००० लिटर. इंचभर पावसात कोब्यावरून येणारं सगळं पाणी त्यात मावतं. जास्त झालं तर आहे त्याच पाइपाने नाल्यात जाईल. भिंतीच्या आणि इमारतीच्या पायापासून दहा फूट लांब ठेवायची. आधी तिथं एक खड्डा घेऊन पाणी भरून बघायचं. चोवीस तासांत मुरलं तर जागा योग्य. नाही मुरलं तर खालची काळी माती बदलून मुरूम-वाळू घालावी लागेल, तो खर्च मी वेगळा काढून देईन. डासांचं काय, असं ए विंगमधल्या ताईंनी मघाशीच विचारलं. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर साचलेलं पाणी लागतं. आपलं पाणी दिवसात, फार तर दोन दिवसांत मुरलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी तिथं पाणी दिसलं तर मला घरून उठवून न्या.

दुसरी, जुना खड्डा साफ करून गच्चीचा पाइप परत जोडू. इथं एक धोका सांगून ठेवतो, कारण उत्साहात लोक ही चूक करतात. बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी जाऊ द्यायचं, तेही पहिल्या एक-दोन सरी सोडून, गाळून. अंगणातलं, गाड्यांखालचं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडायचं नाही. नाल्यातली घाण निदान दिसते, जमिनीखालची दिसत नाही आणि परत काढता येत नाही. अंगणाच्या पाण्याला आधी मातीतून जाऊ द्यायचं.

तिसरी सूचना पैशाची. दरवर्षी मेच्या अखेरीला खड्डा आणि बाग साफ करायची, त्यासाठी अंदाजपत्रकात कायमचं शीर्षक उघडायचं आणि झाकण उघडल्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावायचा. आणि खड्डा पावसाळ्याच्या आत चालू झाला नाही, तर सोसायटीने स्वतः पत्र लिहून सांगायचं की आमची सवलत बंद करा. काही जणांच्या चेहऱ्यावर आठ्या दिसतायत मला! पण जे काम आपण करत नाही त्याचे पैसे घेऊन पुन्हा "नदी किती घाण झाली हो" असं गच्चीवर बसून बोलायचं, हे आता मला जमत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर त्या ३१९ कलमातली ४० टक्क्यांची युक्ती मी उसनी घेतली आहे. झाडं मी देतो. खणायला रविवारी सकाळी सात वाजता जो येईल तो येईल. वय ७२ असलं तरी घमेलं उचलता येतं मला, फक्त अर्धं भरा.

पार्किंगच्या अकरा गाड्यांचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. पट्ट्याच्या उरलेल्या १०० चौरस मीटरवर झाडं राखून, सांधे मोकळे ठेवलेल्या ब्लॉकवर तीन गाड्या बसतात, मी मोजून पाहिलं. आठांचं काय, ते सगळ्यांनी मिळून ठरवायला लागेल. ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांनी एक बाहेर लावायची का, हा प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारायलाच हवा होता. आमच्याकडे दोन आहेत. माझी जुनी गाडी मी या महिन्यात विकतोय. एक जागा मोकळी झाली, आता सातांचं बघा.

१९९८ साली आपल्या मागच्या नाल्यात पोरं बाटलीने छोटे मासे पकडायची. त्यातली दोन पोरं आज इथं आपापल्या मुलांना मांडीवर घेऊन बसली आहेत. त्यांना विचारा. मासे परत येतील असं वचन मी देत नाही. वरच्या सोसायट्या आहेत, मैलापाणी आहे, त्या कामाला महापालिका आणि सरकार लागतं, आणि ते त्यांच्याकडून मागायचंही आहे. पण मागायला जाताना आपल्या खड्ड्यात पिंपळ उगवलेला असू नये, एवढंच.

२०२२ साली आम्ही पुन्हा मुलीकडे गेलो होतो. नात आता मोठी झाली आहे. तिने तो पुण्याचा नकाशा जपून ठेवला होता. पंढरपूरच्या जागी तिने कमरेवर हात ठेवलेला छोटा विठोबा काढला होता. पाइपाच्या जागी माझ्या अक्षरात "९ इंची" लिहिलेलं होतं. तिने विचारलं, "आबा, हा पाइप अजून तसाच आहे?" मी म्हटलं, आहे.

सभेत हा ठराव मी मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक अजून मिळालेला नाही. जेवताना विचार करा, मी शेवटच्या पंगतीपर्यंत इथंच आहे.